झाकणाखालचं पाणी

फार पूर्वी समुद्राला खेटून मीठ पिकवणाऱ्यांचं एक गाव होतं. तिथे एक भित्री सून होती. कावळा ओरडला तरी दचकायची. सासू हसायची, "अगं, स्वतःच्या सावलीला तरी भिऊ नकोस!"

एका उन्हाळ्यात गावची एकुलती एक गोड्या पाण्याची विहीर गाळाने भरून आटत चालली. घरटी दिवसाला एकच कळशी मिळू लागली. कारभारी म्हणाला, "गाळ काढेपर्यंत पाणी पुरणार नाही. आठवड्यात गाव सोडायचं." सासूचे गुडघे धरलेले. ती म्हणाली, "मला नाही चालवणार. तुम्ही जा."



दुसऱ्या दिवशी गोडं पाणी वाचवायला सुनेने समुद्राच्या पाण्यात रताळी उकडत ठेवली. उकळी आली नि झाकण खडखडलं. ती अशी दचकली, की उचललेलं झाकण हातून सुटलं आणि झाकणाला आतून धरलेले वाफेचे थेंब ओठांवर उडाले. चटका बसला म्हणून तिने ओठ चाटले. पाणी खारट नव्हतं!

ती धावत चावडीवर गेली आणि झाकणाखालच्या गोड्या थेंबांचं सांगितलं.

"समुद्र गोड करायला निघालीस होय?" कारभारी हसला.

"काका," तिचा आवाज कापत होता, "मीठ नि पाणी आपण रोज वेगळं करतोच की. मीठ तेवढं घरी आणतो, पाणी उन्हाला देऊन टाकतो. वाफ्यांवर काचेचं झाकण घातलं, तर तेही हाती लागेल."



मग ज्याच्या घरी काचेची खिडकी होती, त्याने ती काढून आणली. कारभाऱ्याने कुरकुरत का होईना, देव्हाऱ्याची काच दिली. मिठागराच्या वाफ्यांवर काचा तिरक्या टाकल्या. ऊन तापलं, काचेखाली थेंब धरले, ओघळून मडक्यात आले. संध्याकाळी घरटी तांब्याभर पाणी!

कुणीतरी म्हणालं, "आता विहिरीचा गाळ कशाला काढायचा?"

सून दचकलीच. "असं नका हो बोलू! हा तांब्या आहे, कळशी नव्हे. कळशी विहीरच देणार."

तांब्याच्या आधारावर सगळे विहिरीत उतरले. नवव्या दिवशी गाळाखालचा झरा मोकळा झाला. गाव हललं नाही.

सासूने काचेखालच्या पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. "फिकं आहे गं," ती म्हणाली, "पण दचकलीस म्हणून मिळालं. दुसरीने झाकण नीट उतरवून ठेवलं असतं."

तात्पर्य: आपण रोज वाया घालवतो त्यातही कुणाची तहान भागवण्याची ताकद असते, मात्र नवी सोय झाली म्हणून जुन्याची निगा सोडू नये.