घाटातला लाल ठिपका

तापीकाठच्या एका गावात प्रल्हादशेठ फेगडे नावाचे एक ट्रकवाले राहत होते. गाव केळीचं. शेतातून घड उतरले, की शेठच्या गाड्या ते भरून निघायच्या आणि सातपुड्याचा घाट ओलांडून पार दिल्लीपर्यंत जायच्या.

त्या काळी गाडी एकदा फाटकाबाहेर पडली, की ती कुठे आहे हे देवालाच ठाऊक. शेठ फाटकापाशी खुर्ची टाकून बसायचे आणि परतणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला विचारायचे, "आपली गाडी दिसली का रे भो?" कोणीतरी सांगायचं, "घाटाखाली चहा पीत होता." तेवढ्यावर शेठना झोप लागायची. घरी आलेले ड्रायव्हर अंगणातल्या बाजेवर बसून रस्त्याच्या गोष्टी सांगायचे, निम्म्या खऱ्या आणि निम्म्या तिखटमीठ लावलेल्या. आणि एक रीत होती. आपल्या गावची गाडी वाटेत उभी दिसली, की मागच्याने थांबायचं, खाली उतरायचं आणि विचारायचं, "काय झालं?" ही रीत कोणी शिकवली नव्हती, पण मोडतही कोणी नव्हतं. फार गोड दिवस होते ते, आठवले की अजून जीव हळहळतो.

केळी मात्र तेव्हा फार नासायची. कोणी धाब्यावर लवंडला, कोणी वाट चुकला, की दिल्ली येईपर्यंत अर्धा माल काळा पडायचा. म्हणून शेठनी काळाची पावलं ओळखली. प्रत्येक गाडीत एक यंत्र बसवलं आणि ऑफिसच्या भिंतीवर मोठा पडदा लावला. चालती गाडी म्हणजे हिरवा ठिपका, उभी गाडी म्हणजे लाल. विनाकारण उभ्या राहणाऱ्याचा नंबर मागे जाई आणि त्याचा पुढचा माल दुसऱ्याला मिळे. वाट यंत्रच दाखवतं, मग क्लीनर कशाला, म्हणून क्लीनरही घरी बसले. केळी ताजी पोचू लागली. शेठ खूश झाले, शेतकरी खूश झाले. उगाच खोटं कशाला बोलायचं!

सुपडू कोळी हा शेठचा जुना ड्रायव्हर. एका सकाळी घाटातल्या एका वळणावर त्याच्या गाडीचं चाक पंक्चर झालं. त्याने गाडी कडेला घेतली, जॅक लावला आणि चाक काढलं. खालची माती भुसभुशीत होती. जॅक घसरला, गाडी खाली बसली आणि सुपडूचा पाय तिच्याखाली सापडला. तो दरीच्या बाजूला होता, त्यामुळे रस्त्यावरून कोणाला दिसत नव्हता. त्याने जिवाच्या आकांताने हाका मारल्या, पण चढावर रेटत चाललेल्या इंजिनांपुढे माणसाचा आवाज तो काय! त्याचा फोन वर केबिनमध्ये वाजत राहिला.

फोन शेठचाच होता. पडद्यावर ठिपका लाल झालेला त्यांना दिसला होता. "झोपला असेल गधडा," ते चिडून म्हणाले. मग त्यांच्या मनात आलं, मागून आपल्या गाड्या येताहेतच, काही असलं तर ते लोक बघतील. त्यांनी फोन खाली ठेवला आणि दुसऱ्या कामाला लागले.

मागून त्यांच्याच तीन गाड्या आल्या. सुपडूची गाडी तिघांनीही ओळखली. पहिल्याने हॉर्न दिला. थांबावंसं त्याला वाटलं, पण नंबर जाईल ही भीती होती, आणि शेठना पडद्यावर दिसतंच आहे की, असं म्हणून तो पुढे गेला. दुसऱ्यानेही हॉर्न दिला आणि मनाची तीच समजूत घातली. आधीचे दोघे थांबले नाहीत, म्हणजे सगळं ठीकच असणार, असं म्हणत तिसराही हॉर्न वाजवून निघून गेला.

चौथी गाडी रमजान तडवीची. त्याचा नंबर नुकताच एकदा मागे गेला होता. आता पुन्हा गेला, तर बिनकामाचं घरी बसायची पाळी होती. तोही थोडा पुढे गेला. मग त्याला स्वतःचाच राग आला. "मरू दे तो नंबर!" म्हणत त्याने ब्रेक दाबला आणि खाली उतरून मागे धावला.

पडद्यावर एकाच जागी दोन लाल ठिपके झाले. शेठनी फोन लावला आणि ओरडले, "रमज्या, तुले काय धाड भरली? का थांबला?"

"शेठ, सुपडूचा पाय गाडीखाली सापडलाय. जॅक लावतोय मी."

शेठच्या तोंडचं पाणी पळालं. "कधीपासून?"

"ते तुम्हालाच ठाऊक. पडदा तुमच्याकडं आहे."

शेठनी वर पाहिलं. ठिपका कधीपासून लाल आहे, हे तिथे स्वच्छ लिहिलेलं होतं.

तिन्ही गाड्यांची केळी दिल्लीला वेळेवर पोचली. सुपडू दवाखान्यात पोचला तेव्हा उशीर झाला होता. जीव वाचला, पण पाय घोट्यापासून कापावा लागला.

शेठ त्याला भेटायला गेले. म्हणाले, "सुपडू, मले दिसत होतं रे. तू उभा आहेस हे मले दिसत होतं."

"मले पण ऐकू येत होतं, शेठ," सुपडू म्हणाला. "हॉर्न आपल्याच गाड्यांचे होते. दर वेळी वाटलं, आला आपला माणूस."

शेठ ढसाढसा रडले. पडदा मात्र त्यांनी काढला नाही, कारण पडद्याने बिचाऱ्याने सगळं खरंच सांगितलं होतं. त्यांनी क्लीनर परत बोलावले. ठिपका लाल झाला, की ते सगळ्यात जवळच्या ड्रायव्हरला नाव घेऊन फोन करू लागले, "जा, खाली उतर, त्याच्याशी बोल, मग मले सांग." दुसऱ्यासाठी थांबणाऱ्याचा नंबर आता पुढे येई. सुपडूचं घर शेठनी आपलं मानलं, पण त्याचा पाय काही ते परत देऊ शकले नाहीत. आणि ते तिघे ड्रायव्हर? ते अजून त्याच घाटातून जातात. त्या वळणावर हॉर्न द्यावाच लागतो, पण तो देऊन ते गाडी हळू करतात आणि दरीच्या कडेला कोणी पडलंय का, ते बघूनच पुढे जातात.

तात्पर्य: दुसरा कोणीतरी बघतोच आहे, अशी प्रत्येकाची समजूत झाली, की हाकेला धावून जायला कोणीच उरत नाही.