मळका ठिपका

त्या राज्यात ज्याची त्याची लायकी गळ्यावर दिसे. काजव्यांचं एक मंडळ होतं. ते शिकल्यासवरल्यांच्या गळ्याला उजेडाचा ठिपका लावून देई. ठिपका दिवसाढवळ्याही लुकलुके, आणि त्याला हात लावला की तो कशाबद्दल मिळाला, कुणाच्या समक्ष मिळाला, हे खणखणीत सांगे. पण हात कुणी लावत नसे. ते असभ्यपणाचं समजलं जाई. ठिपके मोजायचे, मान डोलवायची आणि पुढे व्हायचं.

या राज्यात केतकी नावाची पाणमांजर लग्न होऊन आली. माहेरी तळ्याच्या बांधाची राखण तिच्याकडे होती. इथेही मातीचा बांध होता, बांधाखाली सगळ्यांची बिळं नि घरटी होती, आणि राखणदाराची जागा रिकामी होती. केतकीला ती जागा हवी होती. बांधाशिवाय तिला करमतच नव्हतं. पण तिच्या गळ्यावर माहेरच्या काजव्यांनी दिलेला ठिपका एकच, तोही चिखलात राहून मळलेला.

"मानेची लव जरा पुढे घे गं," सासूबाई हळूच म्हणाल्या. "चारचौघांत बरं दिसत नाही. शेजारच्या मुंगसांच्या सुनेला नऊ आहेत, नऊ!"

केतकीने लव पुढे घेतली. नवी सून पहिल्या महिन्यात वाद घालत नाही, नुसतं बघून ठेवते.

निवडीच्या सकाळी बगळेपंत दगडावर उभे राहिले. सर्वांत जास्त ठिपके त्यांचे, गळ्यावरून पार छातीवर उतरलेले, म्हणून निवडही तेच करत. उमेदवार दोनच. घुशेरावांच्या गळ्यावर अकरा ठिपके झळकत होते. पंतांनी ते मोजले आणि घुशेरावांना राखणदार केलं. केतकीकडे मान वळवण्याचे कष्ट त्यांनी घेतले नाहीत.

तेवढ्यात बांधाच्या पायथ्याशी करंगळीएवढी धार फुटली.

घुशेराव लगबगीने गेले आणि धार फुटली तिथे त्यांनी चिखल थापला. धार थांबली. टाळ्या पडल्या. टाळ्या संपायच्या आत हातभर अंतरावर दोन धारा फुटल्या, मनगटाएवढ्या.

"अहो, बाहेरून नका लिंपू!" केतकी ओरडली. सासरी आल्यापासून तिचा एवढा आवाज कुणी ऐकला नव्हता. "खेकड्याचं भोक आतल्या, पाण्याकडच्या अंगाला असणार. तोंड इथे दाबलंत तर पाणी दुसरीकडून वाट काढणारच."

"वहिनी, एका ठिपक्यावर किती बोलायचं माणसानं?" घुशेराव हसले. "इथे अकरा आहेत."

"दिसताहेत की, भावजी. पण त्यातलं तुम्हाला काय येतं, ते कळल्याशिवाय काम वाटून कसं घ्यायचं?"

तिच्या माहेरी कामाला लागण्याआधी सगळे एकमेकांच्या ठिपक्यांना हात लावत. त्याच सवयीने, अगदी आदराने, तिने त्यांच्या पहिल्या ठिपक्यावर पंजा टेकला.

"बांध या विषयावरचं भाषण ऐकलं," ठिपका गरजला. "शेवटपर्यंत बसले."

दुसरा म्हणाला, "चिखलाची तोंडओळख. पाय न भिजवता."

तिसरा म्हणाला, "दोन ठिपके मिळवल्याबद्दल."

एक बेडूक खो खो हसला. बाकीच्यांना हसू सुचेना. धारा आता तीन झाल्या होत्या.

तेव्हा सासूबाई पुढे आल्या. सुनेच्या मानेवरची लव त्यांनी स्वतःच मागे सारली, मळ पुसला आणि ठिपका दाबला.

"सात पावसाळे बांध राखला," तो सावकाश बोलू लागला. "एकोणीस भोकं बुजवली, सगळी आतून. एक चुकलं. त्यात काठ खचला, जीव कुणाचा गेला नाही. साक्षीला बांधाखालचं कासव. ते अजून तिथेच राहतं."

बगळेपंतांनी काहीतरी बोलायला चोच उघडली, पण केतकी ऐकायला थांबली नाही. तिने ओंजळभर सुकं गवत तळ्यावर भिरकावलं. काड्या तरंगल्या, रेंगाळल्या, आणि एका जागी गोल फिरून आत ओढल्या गेल्या. तिने लव्हाळ्याची मुळं दातांत धरली, चिकणमातीचा गोळा छातीशी घेतला आणि तिथेच बुडी मारली.

सगळा काठ धारांकडे बघत राहिला. धारा बारीक झाल्या. मग तिन्ही जागी नुसते थेंब. मग तेही नाहीत.

"आमची सून!" सासूबाई मुंगसांच्या बिळापर्यंत ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, आणि काठावर एकच जल्लोष उसळला.

केतकी वर आली, अंग झटकून म्हणाली, "भावजी, तुमचे आठ राहिले."

घुशेरावांनी नाइलाजाने मान पुढे केली. सात ठिपके भाषणांचेच निघाले. सर्वांत खालचा, विझत आलेला आठवा मात्र पुटपुटला, "मुरमाड जमिनीत सरळ बीळ खणलं. नऊ हात. एकट्याने."

"मग चिकणमाती खणायला तुम्हीच हवेत," केतकी म्हणाली. घुशेरावांनी मान खाली घातली, आणि त्या एकाच ठिपक्यावरची धूळ हलकेच पुसली.

दुसऱ्या दिवशी बांधावर ही गर्दी! "माझा ऐका, माझा!" म्हणत जो तो मान पुढे करत होता, आणि कधी न ऐकलेली कामं काठभर घुमत होती. बगळेपंत मात्र तळ्याच्या मधोमध एका पायावर उभे होते. दोन्ही पंख त्यांनी छातीवर घट्ट आवळून धरले होते, आणि साधी वाऱ्याची झुळूक आली तरी ते पाठ फिरवत होते.