धुक्याच्या नदीवरचा घंटांचा पूल

या, जवळ सरका. उशी घ्या आपापली. सांगते.

फार जुन्या काळी, डोंगरांच्या पाठीमागे कमळजा नावाची राणी राज्य करायची. तिच्या गावाशेजारी एक रुंद दरी होती आणि दरीतून नदी वाहायची. साधीच, पाण्याची. अलीकडे गाव, पलीकडे हिरवी कुरणं. उन्हाळा आला की निम्मं गाव गुरं घेऊन पलीकडे जायचं आणि थंडीआधी परत यायचं.

तर एकदा काय झालं, ही माणसं पलीकडे असतानाच जमीन हलली. थोडीशीच, बरं का. मडक्याला मडकं लागलं, कोंबड्या ओरडल्या, झालं. पण दुसऱ्या दिवशी पाहतात तर नदीला पाणीच नाही. पाण्याच्या जागी धुकं वाहतंय. पांढरं, मऊ, काठोकाठ. आवाज म्हणून नाही. आणि त्या धुक्यात जो उतरेल तो दोन पावलांत गाढ झोपी जाई. कमरेला दोर बांधून चार गडी उतरवले, चौघांनाही ओढून काढावं लागलं. जागे झाले तर म्हणतात, "फार छान वाटत होतं. कशाला काढलंत?"

पलीकडे शंभर माणसं अडकली. लेकरं होती, म्हातारी होती. रोज सकाळी त्यांच्या चुलींचा धूर दिसायचा. आधी वीस ठिकाणी दिसायचा, मग पंधरा ठिकाणी. मग नऊच. पीठ संपत आलं होतं आणि थंडी जवळ येत होती.

मग राणीनं राज्यभर निरोप धाडला. म्हणाली, म्हातारे जाणकार मला भेटले, त्यांनी हात टेकले. आता मला तरणी माणसं पाठवा, नव्या डोक्याची. आताच्या भाषेत इंजिनियर म्हणा की. तुमचा मामा आहे ना, तशी.

तिघं आली. पहिला रेवणा. दगडाचं काम त्याचं. तो दगडावर नुसता हात फिरवून सांगायचा, हा कुठे फुटेल. दुसरी वेणू. ती अंबाडीचे दोर वळायची, आणि तिची आईच पलीकडे अडकली होती. तिसरा दाऊद. तो काशाच्या घंटा ओतायचा, आणि त्याच्या घंटेचा नाद तीन गावं ऐकायची.

तिघं हुशार, पण कुणी कुणाशी बोलेना. तिघांनी तीन झोपड्या मागितल्या, तीन टोकांना.

मग रेवणानं दगडी पूल बांधायला घेतला. पण पुलाला खांब हवे, आणि खांब उभे करायचे दरीच्या तळाशी. गवंडी खाली उतरले की हातातला हातोडा गळून पडायचा, आणि ते दगडालाच डोकं टेकून झोपायचे. काम बसलं.

मग वेणूनं वावडी केली. वावडी म्हणजे मोठा पतंग. तिला बारीक सुतळी बांधली. म्हणाली, सुतळी पलीकडे गेली की तिच्यामागून दोर नेऊ. पण काठ पडला सखल. वावडी जेमतेम धुक्यावरून जायची, भिजायची आणि अलगद आत बुडायची. अशा सात वावड्या बुडाल्या. सातवी बुडाली तेव्हा वेणू काठावर बसून राहिली, जेवायलाही उठली नाही.

मग दाऊदनं हत्तीएवढी घंटा ओतली. ती वाजवली, आणि काय नवल! धुकं बाजूला सरलं. नाद ऐकला की धुकं मागे हटायचं, बरं का. पण चाळीस पावलंच. नाद विरला की पुन्हा मिटायचं.

राणीनं तिघांना बोलावलं. रेवणा म्हणाला, "हिची दोरी कसली, वाऱ्याचं काम." वेणू म्हणाली, "आणि तुझा दगड खाली झोपलाय." दाऊद कुणाकडे बघेचना.

राणी रागावली नाही. तिनं तिन्ही झोपड्या उतरवल्या आणि काठावर एकच घर बांधलं, एकाच चुलीचं. म्हणाली, "आठ दिवस इथं राहायचं. रेवणा दोर वळेल, वेणू घंटा ओतेल, दाऊद दगड फोडेल. ज्याचं काम त्यानं शिकवायचं. मला दुसरं काही नको."

"राणीसाहेब, तिकडे धूर सहाच राहिलेत," वेणू म्हणाली.

"मोजलेत मी," राणी म्हणाली. "म्हणूनच सांगते."

पहिले दोन दिवस नुसती चिडचिड. रेवणाचे हात दोरानं सोलले. दाऊदच्या डोळ्यात दगडाची कपची गेली, ती वेणूनं पदराच्या टोकानं काढली. तिसऱ्या दिवशी तिघं एका ताटात जेवली, कारण भाकरी एकट्या वेणूलाच करता येत होती. आणि मग हळूहळू बोलायला लागली. रेवणा म्हणाला, दोर वळल्यावर मला कळलं, याला ताण लागतो, उंची लागते. खांब खाली कशाला, मी काठावरच उंच बुरूज बांधतो.

पाचव्या दिवशी वेणूनं पहिली घंटा ओतली. एवढीशी, लिंबाएवढी. थंड व्हायला म्हणून तिनं ती अंगणात, रेवणानं वळलेल्या दोराला टांगली. वारा आला. दोर हलला. घंटा किणकिणली. आणि अंगणाच्या कडेला आलेलं धुकं हळूच मागे सरकलं.

तिघंही बघत राहिली. मग दाऊद उठला आणि भट्टी पेटवायला गेला.

आठ दिवसांचे वीस दिवस झाले. रेवणानं बुरूज उभा केला, ताडापेक्षा उंच. वेणूनं बुरुजावरून वावडी सोडली. ती धुक्याच्या कितीतरी वरून, तरंगत तरंगत पलीकडच्या टेकडीवर गेली आणि दिसेनाशी झाली. सुतळी तिच्या हातात सैल पडली.

पलीकडे वेणूची आई होती. तिनं सुतळी उचलली, बोटांत फिरवली. सगळे दोर उजवीकडे वळतात, पण वेणू लहानपणापासून डावा पीळ द्यायची. आईनं त्यावरून किती टोकलं होतं तिला. आता तोच पीळ बोटाला लागला. ती म्हणाली, "माझ्या पोरीचा हात आहे. ओढा."

इकडे वेणूच्या हातातली सुतळी ताणली गेली. मग सुतळीमागून दोरी गेली, दोरीमागून जाड दोर गेले. पलीकडच्यांनी ते जुन्या जांभळीला बांधले. पायाखाली दोर, हाताला दोर, आणि दोन्हींना शेकडो लहान घंटा. पाऊल पडलं की घंटा वाजणार, धुकं हटणार.

आधी वेणू निघाली. चालली, चालली. किणकिण, किणकिण. धुकं दोन्हीकडे उघडत गेलं. पण अगदी मधोमध, दोर धुक्यापर्यंत झुकला होता तिथं आल्यावर, तिला आई दिसली, पलीकडच्या काठावर उभी. वाळलेली, केस पिकलेली. वेणूचे पाय थांबले. पाय थांबले तशा घंटा थांबल्या. आणि धुकं वर आलं, घोट्यापर्यंत, गुडघ्यापर्यंत. तिला वाटलं, बसावं जरा. डोळे मिटावे.

बुरुजावरून रेवणानं ते पाहिलं. "दाऊद, दोर धर," तो म्हणाला. दोघांनी दोर दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवला. इकडून तिकडे शेकडो घंटा एकदम वाजल्या. वेणूनं डोळे उघडले, दोर घट्ट धरला आणि पुढचं पाऊल टाकलं. मग त्याच्यापुढचं. आईनं तिला हाताला धरून वर घेतलं आणि किती तरी वेळ तो हात सोडलाच नाही.

मग एकेक करून शंभर माणसं अलीकडे आली. लेकरांना मजाच वाटली, ती मुद्दाम पाय आपटत आली. पुढे पुलाला फळ्या लावल्या, तेव्हा गुरंही आली.

राणीनं ते एका चुलीचं घर तसंच ठेवलं. दरवर्षी निरनिराळी कामं जाणणारी तरणी पोरं-पोरी तिथं येऊन राहायची, एकमेकांचं काम शिकायची. कुणी पाण्याचे पाट जाणायचं, कुणी चाकं, कुणी तारे. रेवणा, वेणू आणि दाऊद त्यांना शिकवता शिकवता म्हातारी झाली आणि समाधानानं राहिली. राज्यातलं कुणी पुन्हा एकटं अडकून पडलं नाही.

झालं बाळांनो. पाय आत घ्या, पांघरूण नीट करते. मिटा आता डोळे. मी आहे इथंच.