मनोऱ्याच्या भोकातलं पिल्लू

बाजारचौकात होता एक मनोरा. दगडी. उंच. फार म्हातारा. मनोऱ्यावर मोठं घड्याळ. घड्याळाखाली भोक. भोकात साळुंकीचं पिल्लू.

एकदा काय झालं, घड्याळाची घंटा वाजली. ठण्ण! मनोरा हादरला. दगड सरकला. घर्रर्र! भोक बंद. पिल्लू आत. साळुंकी बाहेर.

आतून आवाज आला, “ची ची! ची ची!”

साळुंकीने चोच मारली. टक टक टक! दगड हलेना.

साळुंकी उडाली, भुर्र भुर्र. हणमादादा पाथरवटाकडे गेली.

“हणमादादा, हणमादादा, दगड काढ ना! दगड हलेना, पिल्लू निघेना!”

हणमादादा म्हणाला, “पहारीचं टोक मोडलंय. गुलाबकाका लोहार टोक करील, तेव्हा मी दगड काढीन.”

भुर्र भुर्र. साळुंकी लोहाराकडे गेली.

“गुलाबकाका, गुलाबकाका, टोक करा ना! पहार चालेना, दगड हलेना, पिल्लू निघेना!”

गुलाबकाका म्हणाले, “भट्टी विझलीय. ठकूमावशी कोळसा आणील, तेव्हा मी टोक करीन.”

ठण्ण! मनोऱ्यावरून माती पडली. सर्रर्र!

आतून आवाज आला, “ची… ची…”

भुर्र भुर्र. साळुंकी कोळसेवालीकडे गेली.

“ठकूमावशी, ठकूमावशी, कोळसा आण ना! भट्टी पेटेना, पहार चालेना, दगड हलेना, पिल्लू निघेना!”

ठकूमावशी म्हणाली, “पोतं जड आहे गं. गाढव उठेल, तेव्हा मी कोळसा आणीन.”

भुर्र भुर्र. साळुंकी गाढवाकडे गेली.

“गाढवदादा, गाढवदादा, ऊठ ना! कोळसा येईना, भट्टी पेटेना, पहार चालेना, दगड हलेना, पिल्लू निघेना!”

गाढव म्हणालं, “पोट रिकामं. पाय थरथरतात. गवत मिळेल, तेव्हा मी उठेन.”

ठण्ण! सर्रर्र!

आतून आवाज आला, “ची.”

मग आवाजच आला नाही.

मनोऱ्याच्या पायाशी गवत होतं. वरून माती पडत होती. तरी साळुंकी तिथे गेली.

“गवता, गवता, चल ना! गाढव उठेना, कोळसा येईना, भट्टी पेटेना, पहार चालेना, दगड हलेना, पिल्लू निघेना!”

गवत म्हणालं, “मला पाय नाहीत, बाई. तूच उपट.”

साळुंकीने गवत उपटलं. काडी काडी उपटलं. चोच सोलली. रक्त आलं. तरी उपटलं.

मग गाढवाने गवत खाल्लं. करकर करकर!

गाढव उठलं. कोळसा आला. भट्टी पेटली, भक्! टोक झालं, ठाण ठाण! हणमादादाने शिडी लावली. पहार चालली. दगड हलला. धप्प!

आत अंधार. आत शांत.

हणमादादाने हात घातला. हळूच बाहेर काढला. हातात पिल्लू. मातीने माखलेलं. डोळे मिटलेले.

गुलाबकाका जवळ आले. ठकूमावशी जवळ आली. गाढवसुद्धा जवळ आलं.

साळुंकीने चोचीतून पाणी आणलं. थेंब घातला. टप्. अजून एक. टप्.

“ऊठ रे बाळा,” साळुंकी म्हणाली. “बघ, मी आले.”

पिल्लू हललं. इवलंसं हललं.

“ची!”

एक पंख मोडला होता. पण पिल्लू जगलं होतं.

ठकूमावशीने रिकामं पोतं अंथरलं. साळुंकीने पिल्लू पंखाखाली घेतलं. घट्ट घट्ट घेतलं.

आईजवळ पिल्लू निजलं, गोष्टीनेही डोळे मिटले.