आडव्या सायकलीवर भैरूची घोंगडी

एका गावात भैरू नावाचा इसम राहत होता. लोक त्याला भोळा म्हणत, कारण लोक सभ्य होते. पायांत मात्र बैलाचं बळ. सायकलच्या सीटवर घोंगडीची घडी टाकून तो गावभर पिठाची पोती पोचवायचा.

त्याची शेळी मेली होती, त्यामुळे घरात कोरा चहा चालला होता. जत्रेतल्या सायकल शर्यतीचं बक्षीस होतं दुभती शेळी. बायको सगुणा म्हणाली, “अवो, यंदा ती शेळी आपल्या दारात पायजे. न्हाईतर मी माहेरी निघाले.”

भैरू घाबरला. कारण दिगू मिस्त्रीनं शर्यतीसाठी भलतीच सायकल जोडली होती. तिच्यावर उताणं पडायचं आणि पाय पुढे करून पायडल मारायचं.

“ही एवढी पळते कशी?” भैरूनं विचारलं.

“उभ्याला वारा अडवतो,” मिस्त्री ऐटीत म्हणाला. “आडवं झालं की वारा वरनं जातो. वेग वाढतो.”

भैरूनं हे डोक्यात पक्कं बसवलं. तिथे जागा भरपूर होती.

दुसऱ्या दिवशी सगुणानं त्याला गुऱ्हाळावर काकवी आणायला धाडलं. भैरूनं भरलेली कळशी कॅरिअरला आडवी बांधली आणि सुसाट घरी आला. काकवी रस्त्यावरच राहिली. मुंग्यांची पंगत बसली.

सगुणानं कपाळावर हात मारला. “अवो, गळ्यापातुर भरलेलं कधी आडवं करू नये! उभंच ठेवावं!”

“आधी सांगायचंस की,” भैरू म्हणाला.

मग जत्रेसाठी सासरे आले. पुरणपोळ्या चेपून त्यांनी ढेकर दिला. “जावईबापू, पार गळ्यापातुर आलंय. जरा आडवा होतो.”

“छे छे, मामा! सांडाल!”

भैरूनं त्यांना खांबाला उभं बांधलं. सगुणा पाणी भरून आली तेव्हा म्हातारा उभ्या उभ्या रडत होता. तिनं दोर सोडला, तसा तो खाटेवर पडला. भैरू त्याला पुन्हा उभं करायला धावला.

“हात लावू नका!” सगुणा ओरडली. “माणूस आडवं झालं की उठवायचं न्हाई. अंगावर पांघरूण घालायचं अन् पाय न वाजवता निघून जायचं. कळलं?”

“कळलं,” भैरू म्हणाला. आणि खरंच कळलं होतं. तेच वाईट झालं.

शर्यतीच्या दिवशी सुटायच्या आधीच भांडण जुंपलं.

“आम्ही वाऱ्याशी झुंजायचं अन् ह्यानं खाटेवर पडल्यागत जिंकायचं? हा कुठला न्याय?” उभ्या सायकलवाल्यांनी विचारलं.

“पाय तर मीच मारणार की!” मिस्त्री उसळला. “वारा काय मी सोडलाय?”

सरपंच ताराक्कांनी तोंडात पान टाकलं. “उभे आत्ता सुटतील. माझं पान खाऊन झालं की आडवा सुटंल.”

दोन्ही बाजू सारख्याच नाराज झाल्या, म्हणजे निकाल बरोबर होता.

भैरू सुटला. बाकीचे चढावर धापा टाकत राहिले आणि तो एकटाच पुढे आला. शेवटची दोरी दहा हातांवर राहिली. पलीकडे सगुणा शेळीच्या गळ्यात हात घालून उभी होती. तेवढ्यात मागून सूं करत मिस्त्री आला. भैरूनं वळून पाहिलं. माणूस आडवा होता.

भैरू थांबला. उतरला. सीटवरची घोंगडी उलगडली आणि मिस्त्री शेजारून जाताना त्याच्या अंगावर डोक्यापासून घातली. मिस्त्रीला काही दिसेना. सायकल कडब्याच्या गंजीत शिरली.

“पळा! अवो, दोरी ओलांडा!” सगुणा किंचाळली.

भैरूनं ओठांवर बोट ठेवलं. सायकल खांद्यावर घेतली आणि चवड्यांवर चालत उलट्या दिशेनं निघाला.

इकडे मिस्त्री कडब्यातून बाहेर आला आणि रांगत रांगत दोरीपलीकडे गेला.

“रांगलेलं चालतं व्हय?” मागून आलेले ओरडले.

“भांडण सायकलीचं होतं,” ताराक्का म्हणाल्या. “रांगण्याला कुणी हरकत घेतली नव्हती.” आणि शेळीचं दावं त्यांनी मिस्त्रीच्या हातात दिलं.

ते पाहून सगुणा धाडकन आडवी झाली.

“भैरू, अरे बायको पडली तुझी!” लोकांनी हाका मारल्या. भैरू धावत परत आला. गंजीतून घोंगडी ओढून काढली, झटकली, सगुणाच्या अंगावर नीट घातली, आणि सगळ्या जत्रेला गप बसायची खूण करून चवड्यांवर घरी निघून गेला.