तळाची ज्वारी

खूप जुनी गोष्ट, बरं का! तेव्हा धान्य कोठारात नाही, जमिनीच्या पोटात ठेवायचे. खोल खड्डा खणायचा, आतून कडबा लावायचा, ज्वारी ओतायची आणि वर दगड ठेवून माती लिंपायची. त्याला म्हणायचे पेव.

एका गावात एका म्हातारीचं असंच पेव होतं. नवरा गेला, मग डोळे गेले, पण पेव भरलेलं होतं. त्याच्या जोरावर ती ताठ मानेनं जगत होती. पसाभर धान्यासाठी कुणापुढे हात पसरायची पाळी तिच्यावर कधी आली नव्हती.

तिचा मुलगा गावातच आपलं वेगळं शेत कसायचा, लेक शेजारच्या गावी दिलेली. एकदा ती माहेरी आली, तर भावाच्या दारात तरणीबांड बैलजोडी! आणि पेवावरची माती ओली. तिला शंका आली. दगड सरकवून पाहिलं, तर पेव रिकामं.

"दादा, आईची ज्वारी कुठं गेली?"

"उंदरांनी खाल्ली."

"एवढ्या दगडाखालची? आणि हे बैल रे?"

"तेल्याकडून घेतले. माझ्या शेतातली ज्वारी देऊन. तू कोण गं मला विचारणारी?"

झालं! तीन दिवस बहीणभाऊ कडाकडा भांडले. शेवटी प्रकरण पारावर, गावच्या पाटलापुढे गेलं. म्हातारीला हाताला धरून आणलं आणि बसवलं एका कडेला.

पाटील म्हातारीकडे वळून म्हणाला, "आधी वहिनींना विचारू या."

"तिला काय विचारता?" भाऊ हसला. "सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवत नाही तिला."

"तिला दिसत तरी कुठं?" लेकही बोलून गेली. "मी सांगते ना!"

बघा, आईची कड घ्यायला आलेली, आणि तीसुद्धा असं बोलली!

पाटील मात्र खमक्या. त्यानं पाच घरची ज्वारी मागवली. त्यात भावाच्या शेतातली होती आणि तेल्याला मिळालेलीही. पाच सुपं म्हातारीपुढे मांडली, पण कुठलं कुणाचं ते सांगितलं नाही.

म्हातारीनं पहिल्या सुपात हात घातला आणि काढून घेतला. दुसऱ्यातूनही काढला. तिसऱ्याशी म्हणाली, "ही लेकाच्या शेतातली. दाणा हलका आहे, कापणीची घाई केलीय." चौथ्या सुपात तिची बोटं थांबली. तिनं दाणे हुंगले, एक जिभेवर ठेवला.

"ही माझी. पेवाच्या कडब्यात मी निरगुडीचा पाला घालते. गावात दुसरं कुणी घालत नाही."

तेली उठून उभाच राहिला. "अरे देवा! ते तर माझ्या घरचं सूप!"

म्हातारीनं सुपातून आणखी एक मूठ घेतली, आणि तिचा चेहराच उतरला.

"ही तळाची. तळाला वास जास्त मुरतो. बियाण्याला ठेवली होती मी. अरे, तळालाही हात घातलास?"

भावाची मान खाली गेली. लेक आईजवळ सरकली. जन्मभर या हातांची भाकरी खाल्ली, पण या हातांना एवढं कळतं हे तिला ठाऊकच नव्हतं. तिनं आईचे हात कपाळाला लावले.

"दगड सरकलेला मी ऐकला होता," म्हातारी म्हणाली. "वाटलं, पोरगा आपणहून सांगेल. आणि तू गं? तीन दिवस माझ्याच ज्वारीवरून भांडलीस, मला एका शब्दानं विचारलंस?"

पाटलानं हात जोडले. "वहिनी, निवाडा तुम्हीच सांगा."

"बैलजोडी आधी माझ्या वाट्याच्या शेतात चालेल. पीक आलं की पेव भरायचं. आणि उघडायचं झालं, तर मला काठावर बसवल्याशिवाय दगडाला हात लावायचा नाही."

तसंच झालं. तेल्यानं तळाची ज्वारी बियाण्याला परत दिली, भाऊ आईच्या शेतात राबला आणि पेव काठोकाठ भरलं. पुढे त्या गावात रीतच पडली, की पेव उघडताना घरातलं सर्वांत म्हातारं माणूस आधी काठावर बसवायचं.

तात्पर्य: डोळे गेले तरी माणसाची मालकी जात नाही; ज्याचं आहे, त्याला आधी विचारावं.