चांगुणाची फुंकणी

चुलीला आणि टाकीलाही वाचा होती, तेव्हाची गोष्ट. बोरवाडीत शहरातल्या एका व्यापाऱ्यानं गोबरगॅसची टाकी बांधली. ठरलं असं, की टाकी व्यापाऱ्याची, शेण गावाच्या गाईंचं आणि गॅस घरोघरी.

पण पहिली ज्योत पेटायच्या आधीच भांडण जुंपलं.

"ज्योत माझी," टाकी म्हणाली. "माझ्या पोटात तयार होते."

"आणि त्या पोटात घालतं कोण?" म्हातारी ढवळी गाय फणकारली. "आमच्या शेणाशिवाय तू नुसता रिकामा खड्डा!"

गाईंनी शेण द्यायचं थांबवलं. टाकीनं तोटी आवळून घेतली. आठ दिवस असेच गेले.

चांगुणाच्या घरातली चूल सगळं ऐकत होती. गॅस आला की आपण विझणार, हे तिला ठाऊक होतं. तरी शेवटी तीच ओरडली, "खुशाल भांडा दोघी! तोवर माझा धूर आहेच. आज फुंकणी फुंकता फुंकता चांगुणा खोकून खोकून खाली बसली. आणि मला मेलीला तोंडसुद्धा फिरवता येईना."

ढवळीनं मान खाली घातली. दुसऱ्या दिवसापासून गाई मुकाट टाकीपाशी येऊ लागल्या. टाकीनंही तोटी सैल केली.

चांगुणाच्या घरात निळी ज्योत लागली. तिनं सवयीनं फुंकणी उचलली आणि जोरात फुंकर मारली. ज्योत विझली! चांगुणा ओशाळली.

कोपऱ्यातली गार चूल हसली. "चांगुणे, आता फुंकायचं नाही गं. आता नुसता श्वास घे."